जांभळाची तोड

६ जानेवारी, सकाळ

निर्णय झाला. अंगणातलं जांभळाचं झाड काढायचं.

विश्वजीत गेल्या जूनपासून घरी आलेला नाही. पुण्याहून सातारा म्हणजे काय लांब आहे? सुट्टीत फिरायला जाणारी निम्मी पुण्याची माणसं आमच्याच रस्त्यावर चहा पितात. गेल्या जूनमध्ये तो, सूनबाई संयोगिता आणि तिचे वडील असे आले होते. दोन दिवस राहणार होते, दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. बाहेर येऊन बघतात तर नव्या पांढऱ्या गाडीवर जांभळांचा सडा. बॉनेट, काच, टप, सगळं जांभळं. विश्वजीत फडक्यानं पुसत होता. मी म्हटलं, पुन्हा कधी येणार? तर काचेकडे बघतच म्हणाला, हे झाड असेपर्यंत इथं गाडी आणण्यात अर्थ नाही.

त्यानंतर गणपतीला नाही, दिवाळीला नाही. इतकं स्पष्ट कारण असताना मी सहा महिने काय करत होतो, याचंच आश्चर्य वाटतं.

झाड गेलं की तिथं पत्र्याचा पोर्च. गाडी सावलीत. मे महिन्यात विश्वजीत घरात.

सौ.ला (राजेश्वरी) सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, झाड राहू दे. मी कारण विचारलं. सांगितलं नाही. म्हणजे कारण नाही.

दुसरा संकल्प: साखर बंद. उद्यापासून, कारण आज तिळाचे लाडू झालेत.

९ जानेवारी

झाडं तोडणारा जोतीराम आला. खोडाभोवती फिरला, वर बघितलं, चहा घेतला आणि म्हणाला, पालिकेची परवानगी आणा.

हसलो. जागा माझी, झाड माझं. पण तो ऐकेना. म्हणाला, "आवं साहेब, परवानगीबिगर कुऱ्हाड लावली तर तुमी सुटशीला, मला आत घेत्याल."

त्याला माहीत नाही तो कोणाशी बोलतोय. सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात मी तीस वर्षं शेतकी खात्यात होतो, शेवटची बारा वर्षं शेतकी अधिकारी. कोणाच्या उसाला कधी तोड द्यायची हे मी ठरवायचो. माझी चिठ्ठी निघेपर्यंत शेतकऱ्याला स्वतःच्या उसाला हात लावता यायचा नाही. पहाटेपासून माणसं दारात. कोणालाही चहाशिवाय परत पाठवलं नाही. म्हणजे टपरी समोरच होती.

आणि मला परवानगी. ठीक आहे. एक फेरी मारून घेऊन येतो.

१५ जानेवारी

पालिकेत जाऊन आलो. वृक्ष विभाग जिन्याखाली आहे.

कारकून तरुण होता पण बोलण्यात उत्साह नाही. म्हणे घराच्या अंगणातलं झाड असलं तरी अर्ज लागतो. फोटो, मिळकतीचा उतारा, कारण. मग अधिकारी येऊन पाहणार. मग झाडावर नोटीस चिकटवणार. ती वाचून कोणीही हरकत घेऊ शकतो. कोणीही. मग सुनावणी. परवानगी मिळाली तर झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं दुसरीकडे लावून जगवायची.

मी म्हटलं, कारण लिहा, मुलाची गाडी खराब होते. तो म्हणाला, असं कारण चालत नाही. जीविताला धोका, मालमत्तेला धोका किंवा झाड वाळलेलं, रोगट असावं लागतं.

वातावरण हलकं करावं म्हणून त्याला विश्वजीतचा किस्सा सांगितला. हा माझा हुकमी किस्सा आहे. विश्वजीत सैन्यातल्या अधिकारीपदाच्या मुलाखतीत नापास होऊन परत आला तो प्रसंग. सातारा स्टँडवर एसटीतून उतरला, हातात ट्रंक, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि मला बघितल्याबरोबर भोकाड. 'बाबा, मी खूप प्रयत्न केला.' नाक, डोळे, सगळं वाहतंय. एवढा मोठा घोडा. मी आवाजासकट करून दाखवतो, ट्रंकेऐवजी जे हाताला येईल ते घेतो. कारकुनाकडे फाइल होती.

तो हसला नाही. सरकारी माणसांत रसिकता राहिलेली नाही. गेल्या जूनमध्ये जेवताना व्याह्यांसमोर करून दाखवला तेव्हा व्याह्यांना ठसका लागला होता. संयोगिताला त्याआधी हा प्रसंग माहीतच नव्हता. विश्वजीतलाही हसू आवरत नव्हतं. ताटाकडे बघत होता, पण खांदे हलत होते.

२२ जानेवारी

कारण 'रोगट' हे सर्वांत सोपं. झाडाला रोग द्यायचा.

जुन्या माणसांचं म्हणणं, खोडाला भोक पाडून हिंग भरला की झाड महिन्यात बसतं. ड्रिलनं भोक पाडलं, घरातली हिंगाची डबी रिकामी केली, वर ओली माती लावली. सौ. देवळात गेली होती.

रात्रीच्या आमटीला चव नव्हती. बोललो नाही.

१० फेब्रुवारी

झाडाला नवी पालवी. तांबूस, तकतकीत. शेजारचे अजितकुमार कुंपणावरून म्हणाले, यंदा तुमचं जांभूळ फार जोरात दिसतंय, काही घातलंत का?

हे अजितकुमार मूळचे सांगलीचे. तिथली भांड्यांची पेढी मुलगा बघतो, हे इथं येऊन राहिलेत. रोज सकाळी पक्ष्यांना धान्य टाकतात. पक्षी धान्य त्यांचं खातात आणि बसतात माझ्या झाडावर. माणूस गोड बोलतो. सावध राहायला हवं.

रोगाचा नाद सोडला. कारण बदललं: मालमत्तेला धोका. कुंपणाच्या भिंतीला खरंच तडा गेलेला आहे. मुळांमुळं असेल नाहीतर कंत्राटदारामुळं. अर्जात मुळांमुळं लिहिलं. झाड 'स्वतः लावून वाढवलेले' असंही लिहिलं, म्हणजे हक्क दिसतो. प्रत्यक्षात सौ.नं मोरीच्या पाण्यावर बी टाकली होती, पण मोरी माझीच आहे.

वय कमी लिहिलं. तेवढी रोपं कमी.

वेळ वाचावा म्हणून पोर्चचे लोखंडी खांब आजच उभे करून घेतले. झाड मधोमध, चार बाजूंना चार खांब. छान दिसतं.

१८ फेब्रुवारी

पाहणी झाली. वृक्ष अधिकारी बाई आहेत. क्रांती नाव. तरुण, पायात बूट, हातात टेप.

पहिल्यांदा खांबांकडे बघितलं. हे काय, म्हणून विचारलं. मी सांगितलं, झाड धोकादायक असल्यानं आधार दिलाय. त्यांनी एका खांबाला हात लावून पाहिला. खांब झाडापासून लांब होता. मी म्हटलं, पडलंच तर टेकेल.

मग खोडाचा घेर मोजला. अर्जातलं वय वाचलं. म्हणाल्या, हे झाड तुम्ही लिहिलंय त्याच्या तिप्पट वयाचं आहे. मी म्हटलं, वाढ चांगली आहे. ड्रिलचं भोकही दिसलं त्यांना. नाक जवळ नेलं. मग बरंच लिहिलं.

पण शेवटी ओळख निघालीच. त्यांनी माझं नाव दोनदा वाचलं आणि विचारलं, कारखान्यातले नाथाजीसाहेब का तुम्ही? त्या तासगावकडच्या. वडिलांचा ऊस आमच्याच कारखान्याला यायचा. म्हणाल्या, घरी तुमचं नाव रोज निघायचं. एका साली तोड मिळेना म्हणून उसाला तुरे येऊन गेले, वजन घटलं, त्या वर्षी वडील तुमच्या ऑफिसबाहेर इतके बसले की आई त्यांचा डबा तिकडंच पाठवायची.

इतक्या वर्षांनी लोक नाव काढतात. भरून आलं. काम झालं असं समजायला हरकत नाही.

भिंतीचा तडा त्यांनी मोजून घेतला. तो खरंच मुळांमुळं आहे म्हणाल्या. म्हणजे मी खोटं लिहिलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी

झाडावर नोटीस लागली. माझं पूर्ण नाव छापील. फिरायला जाणारे थांबून वाचतात. दोघांनी नमस्कार केला. अजितकुमार चष्मा पुसून दोनदा वाचून गेले.

हरकत कोण घेणार? कॉलनीत माझ्याबद्दल आदर आहे. विश्वजीतला नोटिशीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'कामास सुरुवात.' निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. कामात असेल.

४ मार्च

हरकत आली.

कारकुनाला फोनवर विचारलं, कोणाची? म्हणाला, सुनावणीत कळेल. त्यानं सांगायची गरजच नव्हती. चष्मा पुसून दोनदा कोण वाचतं?

विश्वजीत आणि त्याचं घर, यांच्यामध्ये आता एक माणूस उभा आहे. भांडीवाला.

७ मार्च

अजितकुमारांविरुद्ध उपाययोजना सुरू केली. त्यांना रोज वाचायला देत असलेला पेपर बंद. कुंपणावरून बोलणं बंद. त्यांच्या चंदनबालावहिनींनी वाटीभर शिरा पाठवला होता. शिरा खाल्ला (साखरेचा संकल्प पुढच्या महिन्यात), पण वाटी रिकामी परत केली. विसळलीही नाही. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत जात नाही हे त्यांना कळतं. कळावं म्हणूनच केलं.

सौ.ला हे समजलं तेव्हा ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, त्यांचा काय दोष? मी म्हटलं, तू भोळी आहेस. तुला माणसं कळत नाहीत.

संध्याकाळी ती स्वतः वाटीत गूळ घालून त्यांच्याकडे जाऊन आली.

१९ मार्च

आज सुनावणी. घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी सौ. चांगली साडी नेसून तयार. मलाही यायचंय म्हणाली. बरं वाटलं. स्कूटरवर मागं बसवून नेलं. वाटेत तिला समजावून सांगितलं की अजितकुमार काहीही बोलले तरी तू मध्ये पडू नकोस.

अजितकुमार तिथं नव्हतेच. मी म्हटलं, पळाला. कारकुनानं पुकारलं, 'हरकतदार, राजेश्वरी नाथाजी.'

मी म्हटलं, नाव चुकलंय. सौ. उठली आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसली.

मागं माणसं बसली होती. कोणीतरी हसलं.

क्रांतीबाईंनी तिला विचारलं, हरकतीत कारण 'वैयक्तिक' एवढंच लिहिलंय, सविस्तर सांगा. सौ.नं विचारलं, ह्यांच्यासमोर सांगावं लागेल का? त्या म्हणाल्या, हो, नियम आहे. कारण नोंदवायचं आणि अर्जदाराला वाचून दाखवायचं.

सौ.नं माझ्याकडे बघितलं. मी खुणेनं म्हटलं, ऊठ. तिनं पदर सारखा केला.

"मग राहू दे," ती म्हणाली. "वाचून दाखवायचं नाही ते. हरकत मागं घेते मी."

क्रांतीबाईंनी पेन खाली ठेवलं. मग तिची सही घेतली.

विजय माझा. पण स्कूटरवर तिला बसवलं नाही. ती रिक्षानं आली.

२३ मार्च

अबोला. तिच्या लक्षात आलंय की नाही कळत नाही, कारण तीही बोलत नाही.

अजितकुमार कुंपणापाशी दिसले. त्यांनी मागचं काही काढलं नाही. मीही मोठ्या मनानं काढलं नाही.

२७ मार्च

आज बोललो. चांगलं ऐकवलं. माझ्या बायकोनं भर कचेरीत माझ्याविरुद्ध बसायचं. एक झाड तुला पोटच्या मुलापेक्षा प्रिय. तुलाच तो यायला नको आहे.

ती भाकरी थापत होती. तवा उतरवला, हात धुतले. आवाज चढवला नाही.

"झाडाचं मला काय आहे?" म्हणाली. "झाड आहे तोवर तो झाडामुळं येत नाही, असं म्हणता येतं. झाड गेल्यावर कशामुळं येत नाही म्हणणार तुम्ही?"

मी म्हटलं, झाड गेल्यावर तो येणारच. मग प्रश्न कुठं राहिला?

"तुमच्यासाठी घेतली होती हो हरकत," ती म्हणाली आणि पुन्हा भाकरीला बसली.

माझ्यासाठी घ्यायची तर माझ्या बाजूनं घ्यायची. विरुद्ध घेऊन माझ्यासाठी कशी? बायकांच्या बोलण्यात तर्क नसतो. तरी पुढंमागं उपयोगी पडेल म्हणून शब्दशः उतरवून ठेवलं आहे.

भाकरी करपलेली होती.

५ एप्रिल

परवानगी मिळाली. भिंतीच्या तड्यावर मिळाली. अट: खऱ्या वयाएवढी रोपं लावून जगवायची. किल्ल्याच्या बाजूला पालिकेनं जागा दाखवली, माणूस लावून सगळी लावून टाकली. पाणी घालायला दर आठवड्याला जाणार.

कागद क्रांतीबाईंनी स्वतः हातात दिला. म्हणाल्या, अजून विचार करायला वेळ आहे, परवानगी मिळाली म्हणजे तोडलंच पाहिजे असं नाही. फांद्या छाटल्या आणि भिंत मागं घेतली तरी भागेल. मी हसलो. म्हटलं, बाई, मी तीस वर्षं हेच काम केलंय.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "वडिलांना सांगते, साहेबांना तोड मिळाली. थांबावं नाही लागलं फारसं."

मी म्हटलं, अवश्य सांगा. माझा नमस्कारही सांगा. वडील काय करतात विचारलं. उसाला तुरे आले त्याच साली गेले म्हणाल्या. मग सांगणार कुठं? बोलायची पद्धत असते एकेकाची.

१६ एप्रिल

झाड पडलं.

जोतीराम आणि त्याची माणसं सकाळीच आली. आधी फांद्या, मग दोर लावून खोड. झाड मोहरात होतं, खाली सगळा बारीक पांढरा चुरा आणि मधमाश्या. एक जोतीरामला चावली. तो म्हणाला, "लय रागावलंय, साहेब, झाड." मी म्हटलं, कामाचं बघ.

मधलं खोड दोरातून सुटलं आणि एका खांबावर गेलं. खांब वाकला. म्हणजे आधाराची माझी कल्पना अगदीच चुकीची नव्हती.

अजितकुमार त्यांच्या अंगणात चप्पल काढून उभे होते. तोंडातल्या तोंडात काही म्हणत होते. नाटकी माणूस.

सौ. बाहेर आली नाही. माणसांना चहा मात्र वेळेवर पाठवला.

दुपारी घरात फार ऊन आलं. स्वयंपाकघरात ऊन येतं हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. लाकूड जोतीरामच्या ट्रॉलीतून गेलं. अंगण एकदम मोठं दिसतं. गाडी आरामात वळेल.

१७ एप्रिल, रात्र

विश्वजीतला फोन केला. सरप्राइज द्यायचं म्हणून आधी हवापाणी काढलं. मग म्हटलं, तुझ्या रस्त्यातला अडथळा काढून टाकला. झाड तोडलं.

"कुठलं झाड?" तो म्हणाला.

मी म्हटलं, जांभळाचं, अंगणातलं. आठवेना त्याला. गाडी, बॉनेट, फडकं, सगळी आठवण करून दिली. म्हणाला, अच्छा, ते होय. ती गाडी मी विकली, बाबा.

मी म्हटलं, नवीन आण. पोर्च होतोय. तो म्हणाला, बघू. मग म्हणाला, आई आहे का?

सौ. फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लोटलं. बराच वेळ बोलत होती. एकदा हसलीही.

प्रगती आहे. आधी फोन दोन मिनिटांत संपायचा.

२८ एप्रिल

पोर्च पूर्ण. वाकलेला खांब सरळ केला, तरी जरा वाकडा दिसतो. पत्रा दुपारी इतका तापतो की खाली उभं राहवत नाही. गाडीला काही होणार नाही, गाडी लोखंडाची असते.

पोर्चचा फोटो पाठवला. निळ्या खुणा. संयोगितानं अंगठा पाठवला. सून तरी गुणी आहे.

रोपांना पाणी घालायला उद्या जाणार.

३ मे

सौ.नं बॅग भरली. विचारलं तर म्हणाली, पुण्याला चाललेय, विश्वजीतकडं. संयोगिताला सहावा महिना आहे.

कोणाला कसला सहावा महिना, हे समजायला मला थोडा वेळ लागला. तिला कधीपासून माहीत? म्हणाली, पहिल्यापासून. मग मला का नाही सांगितलं? म्हणाली, त्यानं सांगू नको म्हटलं होतं.

हे बरोबर आहे. काही घरांत दिवस भरत आल्याशिवाय सांगत नाहीत. दृष्ट लागते म्हणून.

मीही बॅग काढली. ती म्हणाली, तुम्ही राहा. घराकडं कोणीतरी बघायला हवं. मी म्हटलं, अजितकुमार बघतील. ती बॅगेची चेन लावत होती. म्हणाली, "आईला एकटीला पाठवा, असं म्हणालाय तो."

स्टँडवर सोडायला गेलो. खिडकीतून तिनं औषधांच्या वेळा सांगितल्या. लोणच्याची बरणी कुठं आहे तेही सांगितलं, पण गाडी सुटताना सांगितल्यामुळं नीट ऐकू आलं नाही.

९ मे

एकटा आहे हे बघून अजितकुमार आणि चंदनबालावहिनी संध्याकाळी डबा घेऊन आले. पोर्चमध्ये खुर्च्या टाकल्या. पत्रा निवत आला होता. रिकामी वाटी वगैरे कोणी काढली नाही.

बोलायला विषय सुचेना म्हणून विश्वजीतचा किस्सा सांगितला. स्टँड, ट्रंक, भोकाड. जेवणाचा डबा हातात घेऊन पूर्ण करून दाखवला. अजितकुमार जमिनीकडे बघत बसले. त्यांनी बहुतेक आधी ऐकला असावा.

वहिनींनी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात हो त्याला तेव्हा?"

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी आठवून सांगितलं. काही म्हणालो नाही. हसलो. स्टँडवर ओळखीची चारपाच माणसं होती, त्यांना तिथंच पहिल्यांदा करून दाखवला.

वहिनी उठल्या. डबा उद्या द्या, घाई नाही, म्हणाल्या.

किस्सा आता जुना झाला असावा. नवीन काहीतरी बघायला हवं.

१२ मे

रोपांकडे जाऊन आलो. काठ्या आहेत.

दुपारी फार उकडत होतं. लोणच्याची बरणी सापडेना म्हणून सौ.ला फोन केला. ती संयोगिताला घेऊन दवाखान्यात गेली होती, फोन घरीच राहिलेला. विश्वजीतनं उचलला. तो म्हणाला, आई आली की सांगतो.

ठेवणार होता. मी म्हटलं, थांब. मग उगाचच, काही ठरवलेलं नसताना, विचारलं. तो स्टँडवरचा किस्सा मी व्याह्यांसमोर सांगितला, त्यामुळं तू येत नाहीस का?

मागं टीव्ही चालू होता, तो त्यानं बंद केला.

"बाबा, तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

मी म्हटलं, कळलं होतं. असं कसं कळणार नाही? इतकी वर्षं माणसंच ओळखत आलो. पहिल्यापासून कळलं होतं.

तो चिडलेला वाटला नाही. लहानपणी गणित अडलं की विचारायचा तसं विचारलं.

"मग झाड कशाला तोडलंत?"

रेंज जातेय म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

रेंज पूर्ण होती.